विद्यार्थ्यांच्या रोव्हरच्या अहवालात ‘शाश्वतता’ या मथळ्याखाली खरे काय लिहावे?

प्रश्न: गिरणाकाठ, जळगाव

सर्वांना नमस्कार. मी जळगावजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकतो. आम्ही चौदा जण मिळून एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी सहा चाकांचा रोव्हर, म्हणजे परग्रहावर फिरणाऱ्या गाडीचा नमुना, बांधत आहोत. मार्स सोसायटी ही संस्था २००७ पासून अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या वाळवंटात विद्यापीठांच्या संघांसाठी रोव्हर स्पर्धा भरवते; तिच्याच धर्तीवर आमचे नियम आखलेले आहेत. मैदानात उतरलेल्या रोव्हरचे वजन ५० किलोंच्या आत असावे, त्याने मातीचा नमुना घ्यावा, यांत्रिक हाताने खटके आणि झडपा फिरवाव्यात आणि काही अंतर कोणी न चालवता स्वतःच वाट काढावी, असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. यंदा प्राथमिक अहवालात ‘शाश्वतता’ या मथळ्यासाठी चार पाने राखून ठेवलेली आहेत आणि त्या चार पानांत काय लिहावे यावर आमच्यात एकमत होत नाही.

आतापर्यंत ठरलेले असे: यांत्रिक हाताचे बरेचसे भाग थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकचे छापायचे, कारण ते मक्यापासून बनते, कॅमेऱ्याचा खांब बांबूचा करायचा, वर १०० वॉटची सौरपट्टी बसवायची, आणि सांगाड्यासाठी भंगारातले ॲल्युमिनियम वापरायचे. मागच्या रविवारी मात्र आमची फजिती झाली. चाचणीनंतर हात गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आम्ही जेवायला गेलो. दीड तासाने परत येऊन पाहतो, तर पकडीचे दोन्ही जबडे उन्हात वाळत घातलेल्या बिबड्यांसारखे कडेने वर वळलेले होते. बाहेर ४४ अंश तापमान होते.

आमच्या मार्गदर्शक सरांचे म्हणणे असे की शाश्वतता हा पृथ्वीचा विषय आहे, मंगळावर कसले पर्यावरण, तेव्हा सौरपट्टीचे चित्र टाका आणि पुढच्या प्रकरणाकडे वळा. मला ते पटत नाही, पण त्यांना देण्याजोगे उत्तरही माझ्यापाशी नाही. ग्रहांच्या शोधमोहिमा आणि शाश्वतता यांचा काही खरा संबंध आहे का? असल्यास आमच्यासारख्या, जुन्या वायपर मोटरींवर भागवणाऱ्या संघाने तो कसा दाखवावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: मूळचा भुसावळकर, सध्या पुणे

जबडे वाकले हे बरे झाले, कारण अहवालाचा पहिला परिच्छेद तुम्हाला आयताच मिळाला आहे. पीएलए सुमारे ६० अंशांवर मऊ पडू लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, विशेषतः वस्तू काळ्या रंगाची असेल तर, तेवढे तापमान सहज गाठले जाते. मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून पीएलए बनते हे खरे असले, तरी ‘म्हणून ते मातीत जाते’ हा पुढचा अर्थ चुकीचा आहे. ते कुजण्यासाठी औद्योगिक खतभट्टीतली जवळजवळ ६० अंशांची सततची ऊब लागते. शेताच्या बांधावर टाकलेला तुमचा जबडा पुढची अनेक वर्षे जबडाच राहील. जो भाग दर महिन्याला नव्याने छापावा लागतो, तो मक्याचा असला काय आणि खनिज तेलाचा असला काय, कचऱ्याच्या डब्यात भर तेवढीच पडते. उन्हात राहणारे भाग पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचे केलेत तर ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतात. एबीएस हे प्लास्टिक त्याहून थोडे पुढे जाते, पण घरगुती प्रिंटरवर ते छापताना कडा उचलल्या जाण्याचा त्रास होतो.

आता मूळ मुद्दा. तुमच्या सरांचे वाक्य मी उलट करून वाचेन. मंगळावर गेलेल्या गाडीला सुटा भाग मिळत नाही, गॅरेज मिळत नाही आणि भंगारवालाही मिळत नाही. सोबत नेले तेवढ्यात भागवायचे, बिघडले तर त्याच्यासकट चालायचे आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यातून काम काढायचे, ही तिथली रोजची अट असते. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे दोन रोव्हर जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले, तेव्हा त्यांचे नियोजित आयुष्य ९० मंगळदिवसांचे होते. २००६ मध्ये स्पिरिटचे पुढचे उजवे चाक कायमचे थांबले. अभियंत्यांनी गाडी उलटी चालवायला सुरुवात केली आणि ते मेलेले चाक नांगराच्या फाळासारखे मागे ओढले जाऊ लागले. २००७ मध्ये त्याच ओढलेल्या चाकाने वरची माती खरवडून खालचा जवळजवळ शुद्ध सिलिकाचा पांढरा थर उघडा केला. तिथे पूर्वी गरम पाण्याचा किंवा वाफेचा वावर होता याचा तो फार महत्त्वाचा पुरावा ठरला. ऑपॉर्च्युनिटी तर २०१८ पर्यंत चालत राहिला आणि त्याने ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले.

क्युरिऑसिटी या मंगळावरच्याच नंतरच्या रोव्हरची गोष्ट तुमच्या अधिक उपयोगाची आहे, कारण ती आरेखनाच्या चुकीची आहे. त्याच्या ॲल्युमिनियमच्या चाकांची त्वचा अवघी पाऊण मिलिमीटर जाड आहे. २०१३ मध्ये टोकदार, जमिनीत घट्ट रुतलेल्या खडकांनी त्या त्वचेला भोके पाडायला सुरुवात केली. चाके बदलणे शक्यच नव्हते. मग मार्ग निवडण्याची पद्धत बदलण्यात आली, आणि २०१७ मध्ये प्रत्येक चाकाचा वेग जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे कमी-जास्त करणारी नवी आज्ञावली पृथ्वीवरून पाठवण्यात आली, जेणेकरून पुढच्या आणि मधल्या चाकांवरचा ताण कमी व्हावा. पुढे पर्सिव्हिअरन्स या त्यानंतरच्या रोव्हरसाठी चाकाची त्वचा जाड केली गेली आणि चाकावरच्या, जमिनीत पकड घेणाऱ्या उभट पट्ट्या २४ वरून ४८ करण्यात आल्या. साहित्य तेच, धातू तोच. फरक पडला तो आधीच्या गाडीचे दुखणे कोणीतरी नीट लिहून ठेवल्यामुळे.

तुमच्या महाविद्यालयात दरवर्षी काय होते ते मला न सांगताही माहीत आहे, कारण आमच्या वेळीही तेच होत असे. अंतिम वर्षाची मुले बाहेर पडतात, रोव्हर कपाटावर जातो, पुढची तुकडी त्याच्या दोन मोटरी काढून घेते, उरलेल्या वायरींचा अर्थ कोणालाच लागत नाही आणि सगळे नव्याने विकत आणले जाते. नासाने २००१ साठी बांधलेले मंगळावर उतरणारे एक यान आधीच्या अपयशांनंतर रद्द होऊन असेच गोदामात पडले होते. तेच बाहेर काढून, त्याच्या चाचण्या पुन्हा करून, सापडलेले दोष दुरुस्त करून २००७ मध्ये पाठवण्यात आले आणि मे २००८ मध्ये ते मंगळाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात उतरले. राखेतून उठणाऱ्या पक्ष्यावरून त्याला फिनिक्स हे नाव मिळाले ते यामुळेच. आपल्या इस्रोनेही पीएसएलव्ही या अग्निबाणाचा चौथा टप्पा, जो एरवी काम संपल्यावर अवकाशातला कचरा ठरला असता, तो ‘पोएम’ या नावाने प्रयोगांचा मंच म्हणून वापरायला काढला आहे. डिसेंबर २०२४ च्या उड्डाणानंतर त्यावरच चवळीच्या आठ बिया चार दिवसांत अंकुरल्या.

त्यामुळे माझा सल्ला असा: चार पानांपैकी दोन पाने, गेल्या वर्षीच्या रोव्हरमधले काय काय, किती वजनाचे, यंदाच्या रोव्हरमध्ये आले आणि यंदाच्यातले काय पुढच्या वर्षी जाणार आहे, यासाठी द्या. त्यासाठी सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट, एकाच जातीचे कनेक्टर आणि प्रत्येक वायरीवर चिठ्ठी एवढे जरी केलेत, तरी बांबूच्या खांबापेक्षा ते कितीतरी मोलाचे ठरेल. बांबूला माझा विरोध नाही. पण कॅमेऱ्याचा खांब थरथरला तर चित्र हलते आणि स्वतः वाट काढणारी आज्ञावली आंधळी होते, एवढे लक्षात ठेवा.

उत्तर: सौरपट्टीवाला, साक्री

मी साक्री तालुक्यातल्या एका सौर प्रकल्पावर देखभालीचे काम करतो. शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिल्यापासून आमच्या भागात सौरपट्टी कोणाला नवीन राहिलेली नाही; मात्र ‘वर सौरपट्टी बसवली’ आणि ‘सौरऊर्जेवर चालतो’ या दोन वाक्यांतले अंतर बाहेरच्यांना सहसा कळत नाही. म्हणून हिशोबच मांडतो.

१०० वॉट हा आकडा पट्टीचे तापमान २५ अंश आणि ऊन पूर्ण असतानाचा असतो. मे महिन्यातल्या दुपारी पट्टी स्वतः ६५ अंशांपर्यंत तापते. प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के घट धरली, तर ४० अंशांच्या फरकाने १६ टक्के तिथेच गेले. रोव्हरवर पट्टी आडवी ठेवलेली असते, तिच्यावर यांत्रिक हाताची आणि खांबाची सावली पडते, आणि सावली पट्टीच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन केवळ त्या कोपऱ्यापुरते घटत नाही, हे आम्ही रोज पाहतो. त्यानंतर राहते धूळ. आमच्याकडे पहाटे दव पडते तेव्हा रात्रीची धूळ ओली होऊन काचेला चिकटते आणि सूर्य वर आला की तिची पापडी धरते. मग नुसत्या फडक्याने ती निघत नाही. म्हणून आम्ही सूर्योदयाच्या आधी धुतो, तेही शक्यतो गोड्या पाण्याने, कारण बोअरचे जड पाणी वाळले की काचेवर क्षारांचे पांढरे डाग सोडते आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात.

मंगळावरची परिस्थिती याच्या काही बाबतीत उलट आणि काही बाबतीत अगदी हीच आहे. तिथे पोहोचणारे ऊन पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ४३ टक्के असते, पण थंडीमुळे पट्टी तापत नाही. धूळ मात्र सूक्ष्म असते आणि धुवायला पाणी नसते. इनसाइट हे यान नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरले तेव्हा त्याच्या पट्ट्या एका मंगळदिवसात सुमारे ५,००० वॉट-तास देत होत्या. २०२२ च्या मे महिन्यापर्यंत ते उत्पादन ५०० च्या आसपास आले आणि वर्षअखेरीस यान गप्प झाले. त्याआधी अभियंत्यांनी जी युक्ती केली ती आम्हा सफाईवाल्यांना फार आवडली. यानाच्या खोऱ्याने पट्टीच्या शेजारी जाडसर वाळू वाऱ्यावर सोडली, वाऱ्याने ती पट्टीवरून उड्या मारत गेली आणि जाताना बारीक धूळ सोबत घेऊन गेली. धुळीवर वाळू टाकून धूळ काढणे! त्यातून दिवसाला साधारण ३० वॉट-तासांची भर पडली. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी यांच्या पट्ट्या वावटळी अधूनमधून झाडून जात असत. शेवटी २०१८ च्या धुळीच्या वादळात ऑपॉर्च्युनिटीचे रोजचे उत्पादन २२ वॉट-तासांवर आले आणि त्यानंतर त्याचा संदेश आलाच नाही.

तुम्ही हे करून पाहू शकता: एक पट्टी रोज पुसायची, तशीच दुसरी पंधरा दिवस तशीच सोडायची आणि दोन्हींचे उत्पादन दर दुपारी मोजून वहीत लिहायचे. खर्च जवळजवळ शून्य आहे आणि आकडे तुमचे स्वतःचे असतील. एक विनंती: पट्टी दुपारी तापलेली असताना तिच्यावर गार पाणी ओतू नका, काच तडकते.

उत्तर: स्पष्टवक्ता, नंदुरबार

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण मूळ आकडा कोणीच मांडला नाही, म्हणून थोडे कडू लिहितो. आमचा संघ एका वर्षी परदेशातल्या स्पर्धेला गेला होता आणि आमच्याही अहवालात ‘हरित रोव्हर’ असा शब्द होता. नवे ॲल्युमिनियम बनवताना किलोमागे दहा ते सतरा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरले, तर १५ किलोंच्या सांगाड्याचे होतात फार तर अडीचशे किलो. भंगारातले वितळवून वापरले तर ऊर्जा सुमारे ९५ टक्के वाचते, हेही खरे. परंतु भारतातून अमेरिकेला जाऊन-येऊन केलेल्या विमानप्रवासाचा वाटा माणशी टनांमध्ये मोजावा लागतो. दहा मुले गेली की सांगाड्यावरची सगळी बचत मुंबईच्या धावपट्टीवरच संपते.

जाऊ नका असे मी म्हणत नाही. मी स्वतः गेलो आणि त्या आठ दिवसांत जे शिकलो ते चार वर्षांत शिकलो नव्हतो. पण अहवालात हा आकडा लपवू नका. तुमची स्पर्धा देशातच असेल तर भुसावळहून रेल्वेने जा, रोव्हर दोन पेट्यांत मावेल असा सुटा होऊ द्या आणि स्वतंत्र टेम्पो केल्यास किती डिझेल लागले असते ते शेजारी लिहा. परीक्षकांना प्रामाणिक आकडा फार क्वचित वाचायला मिळतो.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. पुण्याच्या दादांचे कपाटाविषयीचे वर्णन आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा सगळे हसले आणि नंतर कोणी काही बोलले नाही, कारण आमच्या कपाटावर २०१९ चा रोव्हर खरोखरच पडून आहे.

आता एक उपप्रश्न. चाकांच्या चाचणीसाठी चार मीटर लांबीची मातीची खाट, म्हणजे माती भरलेली चौकट, करायची आहे. काही जणांचे म्हणणे गिरणेची वाळू आणावी, काहींचे म्हणणे मुरूम आणावा, कारण तो मंगळासारखा लाल दिसतो. यातले योग्य काय?

उत्तर: खडकवाटा, धुळे

मी धुळ्यात भूशास्त्र शिकवते. पहिली गोष्ट म्हणजे नदीची वाळू आणू नका. गिरणा, पांझरा, तापी यांच्या पात्रांतून वाळूचा किती उपसा होतो हे खानदेशात कोणाला सांगायला नको, आणि शाश्वततेच्या प्रकरणासाठी नदीपात्र खरवडणे शोभणारे नाही. पण केवळ नैतिक कारणासाठीच नव्हे, तर शास्त्रीय कारणासाठीही ती वाळू निरुपयोगी आहे. पाण्याने वाहून आणलेले कण घासून गोल झालेले असतात, तर चंद्रावर पाणी आणि वारा दोन्ही नसल्यामुळे तिथल्या मातीचे कण उल्कांच्या आघाताने फुटलेले, काचेसारखे धारदार राहतात. गोल कणांवर चाक जसे घसरते तसे टोकदार कणांवर घसरत नाही. शिवाय टोकदार कण सांध्यांत आणि बेअरिंगमध्ये शिरून जी झीज करतात, ती गोल वाळूत दिसणारच नाही.

तुम्हाला हवी ती माती तुमच्या जिल्ह्यात ढिगाने पडलेली आहे. खडी क्रशरवर बसाल्ट फोडल्यावर जी बारीक कच उरते, तिचे कण ताजे फुटलेले आणि टोकदार असतात. आपला दख्खनचा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि धुळे-नंदुरबार भागात शेतांमधून मैलोनमैल गेलेल्या ज्या काळ्या दगडी भिंती दिसतात, त्या भेगांत घुसून थिजलेल्या त्याच काळातल्या शिलारसाच्या आहेत. स्पिरिट ज्या गुसेव्ह विवराच्या मैदानात उतरला, तिथले खडकही बसाल्टच निघाले. चंद्रावर आपल्याला जे काळे डाग दिसतात तेही बसाल्टचेच. मात्र सरसकट ‘चंद्राची माती’ असे लिहू नका. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर ऑगस्ट २०२३ मध्ये ज्या उंचवट्याच्या प्रदेशात फिरला, तिथल्या मातीचा स्वभाव अनॉर्थोसाइट या फिकट खडकाशी जुळतो, आणि म्हणून इस्रोने चाचणीसाठी कृत्रिम चांद्रमाती बनवताना तमिळनाडूतल्या सित्तमपुंडी भागातला अनॉर्थोसाइट दळून वापरला होता. मुरमाचा लाल रंग लोहाच्या गंजामुळे येतो आणि मंगळाचाही तसाच, एवढे साम्य आहे. पण मुरमात चिकणमाती आणि ओल असते, पावसाळ्यात तो चाकाला लिंपून बसतो, आणि मंगळावर असे काही घडत नाही.

कच भरताना मास्क लावा. हे मी आईच्या काळजीने नव्हे, तर प्रयोगशाळेच्या नियमाने सांगते. बारीक दगडी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. आणि वजनाचा हिशोब विसरू नका. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ०.३८ पट आहे, म्हणजे तुमचा ५० किलोंचा रोव्हर इथल्या मातीवर जेवढा भार देतो, तेवढा भार मंगळावर द्यायला सुमारे १३० किलोंची गाडी लागेल. क्युरिऑसिटीची चाके तपासण्यासाठी नासाने इथे पृथ्वीवर एक हलका सांगाडा वापरला. त्यात संगणकाचा मेंदू नाही म्हणून त्याचे नाव ‘स्केअरक्रो’, म्हणजे बुजगावणे, असे ठेवले गेले.

तुमच्या सरांच्या ‘मंगळावर कसले पर्यावरण’ या प्रश्नाला उत्तर १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमात आहे. दुसऱ्या ग्रहांचे अपायकारक दूषण टाळण्याचे बंधन त्यात घातलेले आहे. त्यावर आधारित नियमांप्रमाणे मंगळावर उतरणाऱ्या यानाच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सरासरी ३०० पेक्षा जास्त जिवाणू-बीजाणू चालत नाहीत. १९७६ मध्ये उतरलेली व्हायकिंग याने तर निघण्यापूर्वी अख्खीच्या अख्खी सुमारे ११२ अंशांवर तीसेक तास भाजून काढली होती. तुमच्या पीएलएच्या जबड्यांनी तिथे किती वेळ तग धरला असता, याचा विचार करा.

जाता जाता, आपल्या शेतातल्या एका गोष्टीचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोच्या सहकार्याने २०२० मध्ये कृत्रिम चांद्रमाती, युरिया आणि एक जिवाणू यांच्यापासून विटा बनवल्या. जिवाणूने तयार केलेल्या कॅल्शियम कार्बोनेटने कण जोडले गेले, आणि त्या विटांना बळकटी आली ती गवारीच्या डिंकाने. सिमेंट पृथ्वीवरून न नेता तिथल्याच मातीत घर बांधायचे, हा त्यामागचा विचार आहे.

उत्तर: एमआयडीसी शेड, जळगाव

माझे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. शेजारच्या शेडमध्ये जुन्या प्लास्टिकपासून चटया बनतात, त्यामुळे पुनर्वापर म्हणजे काय ते रोज नाकाने कळते. बॅटरीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. गेल्या वर्षी काही मुले जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यातले सेल घेऊन माझ्याकडे आली आणि सोल्डरिंगची इस्त्री मागू लागली. मी त्यांना विचारले, “काय करी राह्यना रे भो?” सेलला थेट सोल्डर लावले तर उष्णतेने आतले पडदे खराब होतात, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी लागते आणि ते यंत्र माझ्याकडे आहे, कोणीही यावे.

जुना सेल वापरणे चांगलेच, पण आधी त्याची परीक्षा घ्या. पूर्ण ४.२ व्होल्टपर्यंत भरून पंधरा दिवस नुसता ठेवून द्या. ज्याचा व्होल्टेज आपोआप उतरतो तो बाजूला काढा. उरलेल्यांची क्षमता मोजा आणि मूळच्या ८० टक्क्यांखाली असलेले रोव्हरमध्ये घालू नका, ते टेबलावरच्या दिव्याला चालतील. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढे असते. मंगळावर म्हणे बॅटरी गारठू नये म्हणून हीटर लावावे लागतात. जळगावात तिला माठाशेजारी ठेवायची वेळ येते. चार्जिंग पहाटे करा, आणि शेजारी वाळूची बादली असू द्या.

गिरणाकाठ, जळगाव

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. २०१९ चा रोव्हर कपाटावरून खाली उतरवला. त्याच्या सहा मोटरींपैकी चार चालू निघाल्या, एकीचा गिअर झिजलेला आहे आणि एकीत उंदराने वायर कुरतडली होती. वायरींवर चिठ्ठ्या नव्हत्या, त्यामुळे जोडणी समजून घ्यायला तीन संध्याकाळी गेल्या. ते तास आम्ही अहवालात जसेच्या तसे लिहिले आहेत. चोवीस जुन्या सेलपैकी नऊ बाद झाले. जबडे पीईटीजीचे छापले आणि मुद्दाम दुपारी गाडीत ठेवून पाहिले, ते सरळ राहिले. न पुसलेली पट्टी बाराव्या दिवशी पुसलेलीपेक्षा स्पष्टपणे मागे पडलेली आहे, पण परवा वळवाचा पाऊस येऊन दोन्ही धुऊन गेल्यामुळे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागली.

क्रशरवाल्या काकांनी एक ट्रॉली कच फुकट दिली. त्या खाटेत वीस अंशांच्या चढावर आमची रबरी चाके जागच्या जागी फिरून अर्ध्यापर्यंत गाडली गेली. उभट पट्ट्या लावलेली चाके रखडत का होईना, वर चढली. मार्गदर्शक सर तेव्हा तिथे उभे होते. त्यांनी काही मत दिले नाही, पण खाली वाकून पट्ट्यांची उंची मोजली आणि ती दोन मिलिमीटरने वाढवायला सांगितली.

शेवटचा एक प्रश्न पुण्याच्या दादांना: सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट घ्यायचे तर एम-४ घ्यावेत की एम-५?

उत्तर: मूळचा भुसावळकर, सध्या पुणे

एम-५. त्याला ४ मिलिमीटरची षट्कोनी किल्ली लागते. तशा तीन घ्या आणि एक दोरीने रोव्हरलाच बांधून ठेवा, कारण मैदानात नेमकी तीच हरवते.